लेकरू बोलत नाही, चालत नाही, मग त्याला चर्चचे संस्कार मिळतात का?

पिंपळनेर (ता. साक्री) : पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की कॅथलिक घरात एक विषय हमखास निघतो. यंदा याचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फर्स्ट होली कम्युनियन, करून टाकू. मग पांढरे कपडे, पाहुणे, जेवण, फोटो. पण ज्या घरात लेकरू बोलत नाही, चालत नाही, किंवा दर महिन्याला दवाखान्यात भरती होतं, तिथं हा विषय निघतच नाही. धाकट्या बहिणीचा कार्यक्रम होतो अन् मोठा भाऊ घरात खाटेवर राहतो. आई-बाप म्हणतात, "त्याला काय समजतं?" शेजारीपाजारीही मान हलवतात. फादरला कोणी विचारत नाही, म्हणून फादरलाही कळत नाही की या घरात अजून एक लेकरू आहे.

खूप जणांना वाटतं की चर्चचा नियमच तसा आहे. ज्याला समजत नाही, त्याला संस्कार नाही. पण नियम तसा नाहीच. चर्चचा लिखित कायदा पाहिला तर तो बऱ्याच ठिकाणी अशा लेकराच्या बाजूने बोलतो. तो कायदा काय म्हणतो आणि घरच्यांनी काय करावं, ते या लेखात एकेक करून पाहू.

आधी थोडी ओळख

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकच असं धरून चालतात. तसं नाही. साक्री, नवापूर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत प्रोटेस्टंट मंडळ्यांचे लोक बरेच आहेत. त्यांचे नियम वेगळे, त्यांनी आपल्या पास्टरला विचारावं. हा लेख कॅथलिक चर्चच्या नियमांबद्दल आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे जिल्हे कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. धर्मप्रांताचा प्रमुख बिशप, आणि त्याच्या हाताखाली एकेका धर्मग्रामाचे फादर, अशी ही रचना आहे.

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत : बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. लहान लेकरांचा संबंध येतो तो पहिल्या पाचांशी.

जगभरच्या लॅटिन परंपरेतल्या कॅथलिक चर्चसाठी एकच कायद्याचं पुस्तक आहे. सध्याचं पुस्तक पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी १९८३ मध्ये जाहीर केलं. त्यात १७५२ कलमं आहेत. त्यातलं कलम ८४३ आपल्या विषयाचा पाया आहे. जो माणूस योग्य वेळी संस्कार मागतो, ज्याची मनाची तयारी आहे आणि ज्याला कायद्याने मनाई नाही, त्याला धर्मगुरू संस्कार नाकारू शकत नाही, असा त्याचा अर्थ. अपंगत्व किंवा आजार ही मनाई आहे असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.

दुसरं कलम ७७७. त्यात धर्मग्रामाच्या फादरची कामं सांगितली आहेत. शरीराने किंवा बुद्धीने अधू असलेल्यांना त्यांच्या परिस्थितीला झेपेल तेवढं धर्मशिक्षण मिळेल हे बघणं, हे त्यातलंच एक काम आहे. म्हणजे आई-बाप फादरकडे जाऊन "आमच्या पोराला कसं शिकवायचं?" असं विचारतात, तेव्हा ते उपकार मागत नाहीत. जे काम फादरकडे आधीच सोपवलेलं आहे, त्याचीच आठवण करून देतात.

बाप्तिस्मा : इथं समज लागतच नाही

तान्ह्या बाळाला काही समजत नसतं, तरी कॅथलिक घरात त्याचा बाप्तिस्मा होतो. आई-बापाच्या श्रद्धेवर आणि चर्चच्या श्रद्धेवर तो होतो. मग मतिमंद लेकराला "समजत नाही" म्हणून बाप्तिस्मा अडवणं हे चर्चच्या हिशोबात बसतच नाही. कायदा तर पुढे जाऊन सांगतो की ज्याला कायमचीच समज नाही, असा माणूस वयाने कितीही मोठा असला तरी बाप्तिस्म्यासाठी त्याला बाळासारखंच धरावं. पंचवीस वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा राहून गेला असेल, तरी तो आजही होऊ शकतो. त्याची परीक्षा घ्यायची गरज नाही.

बाळ जन्मताच धोक्यात असेल तर काय? कमी दिवसांचं बाळ, काचेच्या पेटीत ठेवलेलं. कलम ८६७ सांगतं की जीवाला धोका असेल तर बाप्तिस्मा लगेच करावा, थांबू नये. फादर पोहोचू शकत नसेल तर कोणीही करू शकतो. आई, बाप, आजी, नर्स, कोणीही. करणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतं, फक्त चर्च जे करतं तेच करायचा त्याचा हेतू पाहिजे. साधं पाणी बाळाच्या डोक्यावर ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. हे शब्द प्रत्येक कॅथलिक घरात मोठ्यांना पाठ असावेत. बाळ पेटीत असेल तर डॉक्टर-सिस्टरांना विचारूनच करावं, पाण्याचे दोन-चार थेंब पुरतात. नंतर धर्मग्रामात जाऊन नोंद करून घ्यायची. बाळ वाचलं तर राहिलेला विधी चर्चमध्ये होतो, पण बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत.

आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर? हा घाव खूप आया मुकाट्याने सोसतात. चर्चचा कायदा सांगतो की आई-बापाचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता आणि बाळ आधीच गेलं, तर बिशपच्या परवानगीने त्याचा चर्चच्या विधीने अंत्यसंस्कार होऊ शकतो. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मतज्ज्ञांच्या समितीने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात सांगितलं आहे. त्यामुळे "माझं बाळ देवापासून तुटलं" असं मनात घेऊन कोणत्याही आईने जगू नये.

ख्रिस्तप्रसाद : "समजलं" म्हणजे नेमकं काय समजलं?

खरी अडचण येते ती इथं. पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी लेकराला काही प्रमाणात समज पाहिजे, तयारी पाहिजे, असं कलम ९१३ म्हणतं. हे वाचून बरेच जण थांबतात. पण त्याच कलमात पुढे काय आहे ते बघा. लेकराचा जीव धोक्यात असेल, तर त्याला एवढंच कळलं पाहिजे की हे रोजच्या जेवणातलं अन्न नाही, हे ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ते त्याने आदराने घेतलं पाहिजे. प्रार्थना तोंडपाठ पाहिजे, प्रश्नोत्तरं आली पाहिजेत, अशी अट तिथं नाही.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बऱ्याच देशांत मुलांना दहा, बारा, कुठं चौदा वर्षं झाल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद देत नसत. त्या काळात आयर्लंडमध्ये एलेन ऑर्गन नावाची एक मुलगी होती. तिला नेली म्हणायचे. आई क्षयाने गेली, म्हणून पोरगी कॉर्क शहरात सिस्टरांच्या आश्रमात आली. पाठीचा कणा वाकलेला, बसताही येत नव्हतं, वर क्षय. वय चार वर्षं. ती सारखी ख्रिस्तप्रसाद मागायची. शेवटी तिथल्या बिशपने परवानगी दिली आणि ६ डिसेंबर १९०७ रोजी तिला ख्रिस्तप्रसाद मिळाला. २ फेब्रुवारी १९०८ ला ती गेली. पुढे १९१० साली पोप पायस दहावे यांनी आदेश काढून ख्रिस्तप्रसादाचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. नेलीची हकिगत पोपच्या कानावर गेली होती असं सांगतात. आज गावोगाव पोरं सातव्या-आठव्या वर्षी पांढरे कपडे घालून उभी राहतात, ती त्या आदेशामुळे. आणि त्या गोष्टीत खाटेवरची एक आजारी पोरगीही आहे, हे विसरू नये.

आता ज्या लेकराला बौद्धिक अपंगत्व आहे त्याचं काय? २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तप्रसादावर एक दस्तऐवज काढला. त्यात स्पष्ट सांगितलं आहे की बाप्तिस्मा झालेल्या मतिमंद माणसालाही ख्रिस्तप्रसाद द्यावा. त्याची श्रद्धा एकट्याची धरायची नाही. त्याचं घर आणि त्याचा समाज त्याच्यासोबत उभा आहे, त्यांच्या श्रद्धेतही तो घेतो. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये तर आजही तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच ख्रिस्तप्रसाद देतात. म्हणजे बुद्धीची पायरी चढल्याशिवाय हा प्रसाद मिळूच शकत नाही, असं चर्चचं म्हणणं कधीच नव्हतं.

समज दिसते कशी? घरच्यांना ती बरोबर दिसते. आईने क्रूसाची खूण केली की पोरगा हात कपाळाला नेतो. फादर दिसले की हसतो. मिस्सात घंटी वाजली की गप्प होतो. दुसरे लोक रांगेत गेले की तोही उठायला बघतो. ही समज आहे. फक्त ती शब्दांत येत नाही. फादर महिन्यातून एकदा येत असतील तर त्यांना हे एका भेटीत दिसणार नाही, म्हणून घरच्यांनी सांगितलं पाहिजे.

गिळता येत नसेल, पाणी लागत असेल तर

आता काही रोजच्या अडचणी. या अडचणींमुळे आई-बाप मागे सरतात, पण प्रत्येकीवर नियमातच वाट आहे.

गिळायला त्रास होतो : सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच लेकरांना घास गिळताना ठसका लागतो. त्यांना प्रसादाचा अगदी बारीक तुकडा देता येतो. छोटासा कण असला तरी तो पूर्ण प्रसादच मानतात. तेही जमत नसेल तर कलम ९२५ प्रमाणे गरज असेल तेव्हा फक्त द्राक्षरसाच्या रूपात, म्हणजे एखादा थेंब, देता येतो. लेकराला काय गिळता येतं हे आधी डॉक्टरांना विचारून फादरला सांगून ठेवावं.

गव्हाचं पथ्य आहे : काही मुलांना गहू चालत नाही. प्रसादाची भाकर गव्हाचीच लागते, पण ग्लुटेन खूप कमी असलेली भाकर चालते, असं व्हॅटिकनने लेखी कळवलेलं आहे. ती आधी मागवावी लागते.

पाणी आणि गोळ्या : ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही असा नियम आहे. पण पाणी आणि औषध त्याच्यात धरत नाहीत. शिवाय आजारी माणूस आणि त्याची काळजी घेणारा माणूस यांनी तासाभरात काही खाल्लं असलं तरी त्यांना प्रसाद घेता येतो (कलम ९१९). म्हणजे आजारी लेकराच्या आईलाही ही सूट आहे. पोराला चारता चारता स्वतः दोन घास खाल्ले म्हणून तिने मागे बसून राहायची गरज नाही.

पापनिवेदन : जो बोलत नाही तो काय सांगणार?

पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी लेकरू फादरजवळ जाऊन आपल्या चुका सांगतं, त्याला पापनिवेदन म्हणतात. जे लेकरू बोलू शकत नाही, त्याने खुणेने, चित्र दाखवून, लिहून किंवा फक्त मान हलवून सांगितलं तरी चालतं. मूकबधिर माणसाला हवं असेल तर दुभाषा घेता येतो, आणि त्या दुभाष्यालाही ऐकलेलं गुपित ठेवायचं बंधन आहे.

ज्याला बरं-वाईट समजतच नाही, त्याच्या हातून चर्चच्या हिशोबात पाप होत नाही. त्याला पापनिवेदनाची गरजच नाही, आणि ते झालं नाही म्हणून ख्रिस्तप्रसाद अडत नाही.

मूकबधिरांचा विषय निघाला म्हणून एक बातमी सांगतो. मे २०२४ मध्ये केरळात त्रिशूर इथं जोसेफ थेरमडम यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. भारतातले ते पहिले मूकबधिर कॅथलिक धर्मगुरू मानले जातात आणि ते खुणांच्या भाषेत मिस्सा करतात. ज्याला ऐकू येत नाही तो फक्त घेणारा नाही, देणाराही होऊ शकतो, हे त्यातून दिसलं.

दृढीकरण

हा संस्कार बहुतेक वेळा बिशप येतात तेव्हा होतो. इथंही समज आणि तयारीची अट ज्याला समज आहे त्याच्यासाठीच आहे. ज्याला ती कधी येणारच नाही, त्याला याच अटीवर अडवायचं कारण नाही. आणि लेकराचा जीव धोक्यात असेल तर बिशपची वाट बघायची नाही. अशा वेळी साधा फादरही दृढीकरण देऊ शकतो. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे.

रुग्णाभ्यंग : हा "शेवटचा" संस्कार नाही

आजारी माणसाच्या कपाळाला आणि हाताला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात, तो रुग्णाभ्यंग. जुने लोक याला शेवटचा संस्कार म्हणायचे. म्हणून आजही फादर तेल घेऊन घरी आले की गल्लीत कुजबुज होते, "आता काही खरं नाही." या भीतीने लोक फादरला बोलवतच नाहीत, किंवा पेशंट बेशुद्ध झाल्यावर बोलवतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितलं की हा फक्त मरणाऱ्या माणसाचा संस्कार नाही. गंभीर आजार सुरू झाला, मोठं ऑपरेशन ठरलं, की तो घेता येतो. बरं होऊन पुन्हा आजार उलटला, किंवा त्याच आजारात तब्येत जास्त बिघडली, तर परत घेता येतो.

लहान लेकरांसाठी अट एवढीच की त्याला थोडीफार समज आलेली असावी. समज आली की नाही अशी शंका असेल तर? कलम १००५ म्हणतं, शंका असेल तर द्या. नाकारा असं म्हणत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या आजारी मुलांसाठी हे कलम फार कामाचं आहे.

आपल्या भागातला आजार : सिकलसेल

धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात गंभीर आजारी लेकरू म्हटलं की पहिलं नाव सिकलसेलचं येतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं-सांधे असे दुखतात की पोरगं रात्रभर रडतं. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, जास्त दमणूक झाली की दुखणं उसळतं.

अशा लेकराला चर्चमध्ये नेताना काही गोष्टी सगळ्यांनीच पाळाव्यात. पाण्याची बाटली त्याच्याजवळ राहू द्या, वर सांगितल्याप्रमाणे पाण्याने उपास मोडत नाही. उन्हात मिरवणुकीत चालवू नका. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आपल्याकडे कडाक्याची थंडी असते, तिथं न्यायचं तर स्वेटर, टोपी, गोधडी पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला न्या. तीही मिस्सा तेवढीच खरी. गुडघ्यावर बसवायचा आग्रह धरू नका.

आणि महत्त्वाचं. तेल लावलं, प्रार्थना केली, म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. कॅथलिक चर्चची तशी शिकवणच नाही. चर्च स्वतः जगभर दवाखाने चालवतं. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया किंवा दुसरी गोळी दिली असेल तर ती त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये. "आमच्या सभेत या, औषध फेकून द्या" असं कोणी सांगत असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यापासून लांब राहा.

"कोणाचं पाप?"

लेकरू अधू जन्मलं की गावात पहिला प्रश्न हाच. आईने ग्रहण पाळलं नाही, बापाने कोणाचं वाईट केलं, पूर्वजन्माचं भोगतंय. ख्रिस्ती घरंही यातून सुटलेली नाहीत. तिथं फक्त शब्द बदलतो, "देवाची शिक्षा" म्हणतात. या एका समजुतीमुळे जास्तीत जास्त लेकरं मागच्या खोलीत राहतात.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात की पाप याचं की याच्या आई-बापाचं. येशू दोन्ही नाकारतो. चर्चमध्ये हा भाग वाचला जातो, पण घरी येईपर्यंत आपण तो विसरतो.

विज्ञानही तेच सांगतं. सिकलसेलमध्ये आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला आजार होईल. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला माहीतही नसतं. यात कोणाचं पाप नाही, गुणसूत्रांचा हिशोब आहे. उपाय आहे तो लग्नाआधी रक्त तपासायचा. देशात सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि आदिवासी भागात त्याची तपासणी होते. आपल्या आरोग्य केंद्रात चौकशी करा.

तयारी कशी करायची

नियम बाजूने असला तरी तयारी करावीच लागते. ती पुस्तकातून नाही, हातातून होते.

वर्गात चाळीस पोरांत बसवून उपयोग नाही. घरी, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शिकवणारी आई असू शकते, मोठी बहीण असू शकते, गावातला धर्मशिक्षक असू शकतो. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची. आज क्रूसाची खूण. ती जमली की येशूचं चित्र. मग भाकरीचा तुकडा दाखवून सांगायचं, ही घरची भाकरी, आणि फादर देतात ती येशूची. रोज तेच, त्याच शब्दांत.

फादरकडून विधी न केलेल्या कोऱ्या भाकरी मागून घ्याव्यात. त्यांची चव, त्यांचं तोंडात चिकटणं, याची लेकराला सवय करायची. बरीच लेकरं नवी वस्तू तोंडात आली की थुंकून टाकतात, तो अनादर नसतो, सवय नसते. आधीच सराव केला म्हणजे त्या दिवशी आईच्या छातीत धडधड होणार नाही.

ज्याला गोंगाट सहन होत नाही, त्याला चर्च रिकामं असताना दोन-तीनदा नेऊन बसवावं. ज्याला फिट येते, त्याच्या बाजूला बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठायचा.

चर्चच्या मंडळींचंही काम आहे. पायऱ्यांजवळ एक फळी किंवा सिमेंटचा उतार केला तर गाडीखुर्ची आत येते. पुढच्या रांगेत एका कडेला जागा ठेवली तर आईला मागे दाराशी उभं राहावं लागत नाही. पाड्यावर मांडवात मिस्सा होत असेल, तर अशा लेकराच्या घरासमोरच मांडव घातला तर काय बिघडतं? आणि पोरगं मध्येच ओरडलं तर मागे वळून बघू नका. एवढं जरी केलं तरी त्याची माय पुढच्या रविवारी परत येते.

फादर "नाही" म्हणाले तर

आधी शांतपणे विचारा, "आत्ता नाही की कधीच नाही?" आत्ता नाही म्हणत असतील तर काय तयारी राहिली, ती कोण करून घेणार आणि परत कधी बघायचं, हे ठरवून घ्या. ते रास्त आहे. कधीच नाही म्हणत असतील तर वर दिलेली कलमं नम्रपणे दाखवा, ८४३, ७७७, ९१३. त्यानेही झालं नाही तर धर्मप्रांताच्या कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. प्रत्येक कॅथलिक माणसाला बिशपकडे आपली गरज मांडायचा हक्क आहे. भांडण करू नका, पण गप्पही बसू नका.

फादरकडे जाताना एवढं सांगायची तयारी ठेवा :

१. लेकराचं वय, आजार किंवा अपंगत्व काय, कोणती औषधं चालू आहेत.
२. त्याचा बाप्तिस्मा कुठं झाला, दाखला आहे का.
३. त्याला काय कळतं, ते कसं दाखवतं, काय आवडतं, कशाला घाबरतं.
४. काय गिळता येतं, काय नाही.
५. घरी कोण शिकवू शकतं.

संस्कारासाठी अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. पण बाकी सवलतींसाठी ते नक्की काढा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही आजार आहेत.

बाकीच्यांनी हे का वाचावं

तुम्ही म्हणाल, आम्ही ख्रिस्ती नाही, आम्हाला काय. पण दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आणि सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलात, तर आजारी लेकराला खांद्यावर घेऊन आलेले सगळ्या जातीधर्माचे आई-बाप दिसतील. लेकरासाठी माणूस कुठल्याही दारात जातो. आणि दारात गेल्यावर अडचण सगळीकडे सारखीच. आपल्या कानबाईच्या रोटांना, हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला, मंदिराच्या पायऱ्यांवर, गावातलं अपंग लेकरू किती वेळा दिसतं? तिथं तर कुठल्या पुस्तकात मनाई नाही. मनाई आहे ती आपल्या संकोचाची, लोक काय म्हणतील याची.

कॅथलिक चर्चने निदान हे लिहून ठेवलं आहे की लेकराला संस्कार मिळायचा तो त्याच्या हुशारीचं बक्षीस म्हणून नाही. लिहिलेलं आपोआप अंमलात येत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी तोंड उघडून विचारावं लागतं, आणि ते काम घरच्यांचंच आहे. यंदा तुमच्या धर्मग्रामात पहिल्या ख्रिस्तप्रसादाची यादी निघेल, तेव्हा त्यात आपल्या लेकराचंही नाव द्या. शेजारच्या घरात असं लेकरू असेल तर त्याच्या आईला हा लेख वाचून दाखवा.